ओगलेवाडीची काच आणि लेसरची आंधळी जागा

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. (ती अफझलखान-प्रसंगीचीच का, हा वाद स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, येथे तो बाजूला ठेवू.) ती पाहायला आलेल्यांनी पोलाद पाहिले, नख्यांची वळणे पाहिली, अंगठ्या पाहिल्या. त्यांच्या आणि वाघनखांच्या मध्ये असलेली पेटीची काच मात्र कोणी पाहिली नसेल. न दिसणे हेच तिचे काम होते आणि ते तिने चोख बजावले.

इतिहासाच्या साधनांत अशी न दिसणारी एक संपूर्ण जात आहे: पारदर्शक वस्तूंची. किल्ले, शिल्पे, तोफा, ताम्रपट यांचे आकार आज लेसरच्या साहाय्याने केसाएवढ्या बारकाईने नोंदवता येतात. काचेपाशी मात्र हे यंत्र गोंधळते. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांपुरते बोलायचे, तर या गोंधळामुळे एका मोठ्या स्वदेशी उद्योगाची मुख्य वस्तूच नोंदीतून निसटू शकते. ती वस्तू म्हणजे ओगलेवाडीच्या कंदिलाची काच. या धाग्यात तिची गोष्ट आहे, आणि तिला मोजायचे तर काय करावे लागते याचीही.

प्रथम यंत्राविषयी. लहान वस्तू मोजणारे लेसर-यंत्र ज्या भूमितीवर चालते, ती या देशाला सव्वादोनशे वर्षांपासून परिचित आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ जमिनीवर एक पायारेषा मोजली आणि तिच्या दोन टोकांवरून दूरच्या खुणांचे कोन घेत त्रिकोणांची साखळी रचायला आरंभ केला. एक बाजू व दोन कोन ठाऊक असले, की तिसरा बिंदू कोठे आहे हे गणिताने कळते. लेसर-यंत्रात पायारेषेच्या एका टोकाला प्रकाशकिरण सोडणारा दिवा असतो आणि दुसऱ्या टोकाला कॅमेरा. वस्तूवर पडलेला प्रकाशाचा ठिपका कॅमेऱ्याला दिसला, की त्रिकोण पुरा झाला. असे लाखो ठिपके घेतले, की वस्तूचा आकार संगणकात उभा राहतो. किल्ल्यासारख्या मोठ्या गोष्टीसाठी पद्धत थोडी वेगळी असते, तेथे किरण जाऊन परत यायला किती वेळ लागला ते मोजतात. तत्त्व तेच: प्रकाश पृष्ठभागावर थांबला पाहिजे आणि तेथून विखुरला पाहिजे.

प्रतापगडाचा काळा कातळ ही अट निमूटपणे पाळतो. किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगरही पाळतो. काच पाळत नाही. तिच्यावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के पहिल्या पृष्ठभागावरून आरशासारखा परततो, तोही एकाच दिशेने; कॅमेरा नेमका त्या दिशेला नसेल, तर त्याला काहीच दिसत नाही. उरलेला प्रकाश आत शिरताना वळतो, मागच्या पृष्ठभागावर पुन्हा तेवढाच अंश परततो, आणि बाकीचा पलीकडे निघून जाऊन मागच्या भिंतीवर पडतो. यंत्र प्रामाणिकपणे भिंतीचे अंतर नोंदवते. परिणामी कंदील मोजायला ठेवला, तर पडद्यावर पत्र्याची टाकी येते, तारांचा पिंजरा येतो, वरची कडी येते, आणि मधोमध जेथे काच असायला हवी तेथे पोकळी किंवा वेडेवाकडे ठिपके दिसतात.

आता त्या काचेचा इतिहास.

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात काचकारखान्याचे स्वप्न पैशा-पैशाने उभे राहिले. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून निघालेल्या पैसाफंडाला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा मिळाला आणि त्या निधीतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. त्याची तांत्रिक बाजू सांभाळणारे ईश्वरदास वार्ष्णेय जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आले होते. हा कारखाना शाळाही होता. तेथे घडलेले हात पुढे देशातील अनेक भट्ट्यांवर गेले, आणि पैसाफंडाचे खरे उत्पादन कदाचित ती माणसेच म्हणावी लागतील.

त्यानंतर १९१४ चे महायुद्ध आले. तोवर भारतात येणाऱ्या काचसामानाचा मोठा भाग जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीहून येत असे. ती आवक थांबली. घराघरांत रॉकेलचे दिवे होते, दिव्यांना काचा हव्या होत्या, आणि बाजारात काचा नव्हत्या. अशा वेळी १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काचेचा कारखाना काढला. जागा औंध संस्थानात होती. संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सहा वर्षांपूर्वी, १९१० मध्ये, बेळगावातून विस्थापित झालेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर आसरा दिला होता. चित्रकार असलेल्या या राजाच्या विखुरलेल्या, आडवळणी संस्थानात अशा रीतीने एका टोकाला लोखंड आणि दुसऱ्या टोकाला काच असे दोन उद्योग उभे राहिले. दोन्ही ठिकाणी माळावर वस्ती झाली आणि दोन्ही वस्त्यांना उद्योजकांचीच नावे मिळाली. ओगलेवाडी आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगलीत. परंतु त्या काळी ही विभागणी नव्हती. १९४९ मध्ये सातारचा दक्षिण भाग वेगळा काढून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत थिओडोर मेमनने जगातला पहिला लेसर पेटवला होता. योगायोग आहे, अर्थ काही नाही. पण सनावळी पाठ करणाऱ्यांना उपयोगी पडेल.

ओगल्यांचा कंदील 'प्रभाकर' या नावाने ओळखला गेला. प्रभाकर हे ओगले बंधूंच्या वडिलांचे नाव आणि सूर्याचेही. कंदिलाला याहून चांगले नाव सुचणे अवघड. एक पिढी या नावाच्या उजेडात जेवली, अभ्यासाला बसली, गोठ्यात गेली. दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच काढून राख आणि फडक्याने पुसणे हे घरातल्या मुलांचे ठरलेले काम होते, आणि काच फुटली तर मार ठरलेला होता.

काच का फुटे, हे समजून घेतले की मोजण्याचा प्रश्न केवळ हौसेचा उरत नाही. ज्योतीच्या समोरचा काचेचा भाग तापतो व प्रसरण पावतो; वरखालचा भाग तेवढा तापत नाही. काचेची जाडी सगळीकडे सारखी असेल तर ताण वाटला जातो. एका बाजूस जाड आणि दुसरीकडे पातळ असेल, तर जाड भाग सावकाश तापतो, पातळ चटकन, आणि दोघांच्या ओढाताणीत काच तडकते. पावसाचा एक थेंबही निमित्ताला पुरतो. जर्मनीत येना येथे १८८४ मध्ये ओटो शॉटने काढलेल्या काचशाळेने पुढे रसायन बदलून उष्णता सोसणारी काच बनवली आणि दिव्यांच्या चिमण्यांसाठी ती वापरली. साधी वाळू, सोडा आणि चुना वितळवणाऱ्या कारखान्याला ती सोय नव्हती. त्याला जाडी सांभाळूनच काम भागवावे लागे, आणि घडवलेली काच तापत्या कोठीत ठेवून अगदी सावकाश थंड करावी लागे, म्हणजे आतला ताण निघून जाई.

जाडी कोण सांभाळत असे? त्या काळच्या भारतीय कारखान्यांत कंदिलाची काच प्रामुख्याने तोंडाने फुंकून घडवली जाई. लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, थोडी फुंकर घालून त्याचा फुगा करायचा, तो साच्यात उतरवायचा आणि पुन्हा फुंकायचे. फुगा साच्याच्या भिंतीला टेकला, की बाहेरचा आकार पक्का झाला. आतल्या बाजूला मात्र साचा नसतो. तेथे असते फक्त हवा, म्हणजे माणसाचा श्वास. गोळा घेताना हाताने किती काच उचलली, नळी किती सारखी फिरवली, फुंकर किती जोराची आणि किती वेळ दिली, यावर आतला पृष्ठभाग ठरतो.

म्हणजे एकाच काचेवर दोन निराळे दस्तऐवज असतात. बाहेरचा पृष्ठभाग साच्याचा: तो कारखान्याचा, व्यवस्थापनाचा, बाजारात मान्य झालेल्या परदेशी नमुन्याचा, कारण काच कंदिलाच्या ठरीव खोबणीत बसलीच पाहिजे. आतला पृष्ठभाग कामगाराचा. उद्योगाच्या इतिहासात मालकांची चरित्रे असतात, जाहिराती असतात, वार्षिक अहवाल असतात. भट्टीसमोर उभे राहून फुंकणाऱ्याची नोंद बहुधा हजेरीपटापलीकडे जात नाही. त्याने केलेल्या कामाचा अक्षरशः ठसा मात्र काचेच्या आत, दोन पृष्ठभागांमधील कमीजास्त जाडीत, शिल्लक राहिलेला असतो. सही न करता आलेल्या माणसाची ही सहीच आहे. लेसरच्या आंधळेपणामुळे जे हातचे जाते, ते नेमके हे.

कारखान्यात त्या काळी जाडी कशी तपासत? एक नग फोडून कडा मोजायची, किंवा कॅलिपरची एक टांग आत व एक बाहेर ठेवून दोन-चार ठिकाणी अंतर घ्यायचे. तोंडाचा व्यास कड्याने तपासायचा. काचेतला ताण पाहण्याची युक्ती आणखी जुनी: १८१५ च्या सुमारास डेव्हिड ब्रूस्टरने दाखवले होते, की ताण पडलेली काच ध्रुवित प्रकाशात पाहिली तर तिच्यात रंग उमटतात. हे रंग दोष दाखवतात, परंतु आकार सांगत नाहीत.

आजच्या अभ्यासकाला संपूर्ण आकार हवा असतो, आणि वस्तू फोडणे तर शक्यच नसते. सगळ्यांत सोपा उपाय कोणालाही सुचेल असा आहे: काचेवर पांढरी भुकटी फवारायची. पारदर्शकता गेली, की लेसरचा ठिपका दिसू लागतो. मोजणी झाली, की भुकटी पुसायची. संग्रहालयांतील जतनतज्ज्ञ पुसणेही टाळू पाहतात, म्हणून काही ठिकाणी सायक्लोडोडेकेनसारखा पदार्थ वापरला जातो. त्याचा थर बसतो आणि काही काळाने कापरासारखा आपोआप उडून जातो. पण थराला स्वतःची जाडी असते, तो सगळीकडे सारखा बसत नाही. आणि जी जाडी मोजायची तिच्यातच अशी भेसळ झाली तर मोजमापाचे मोल कमी होते.

दुसरा उपाय चमत्कारिक आहे. काच ज्या प्रमाणात प्रकाश वळवते, तितकाच वळवणाऱ्या द्रवात ती बुडवायची. साध्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो, ग्लिसरीनचा १.४७. दोन्ही जुळले, की काच दिसेनाशी होते आणि किरण तिच्यातून सरळ जातात. अशा सरळ किरणांनी अनेक बाजूंनी पाहून आकार काढता येतो. वस्तू पाहण्यासाठी आधी ती पूर्ण अदृश्य करायची, हा विचार मोठा मोहक आहे. शंभर वर्षांची काच तेलकट द्रवात बुडवायला परवानगी देणारा संग्रहालयप्रमुख सापडणे तेवढेच कठीण.

तिसऱ्या उपायासाठी पुन्हा याच मुलखाकडे यावे लागते. नीरा ओलांडली, की सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्याच्या पलीकडे बारामती. तेथे १९३८ मध्ये चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले आणि पुढे बेल प्रयोगशाळेत त्यांनी १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर शोधून काढला. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे लाल लेसरच्या सुमारे सोळापट. आणि या तरंगलांबीला काच मुळीच पारदर्शक नसते. जी वस्तू आपल्याला आरपार दिसते, ती पटेलांच्या किरणाला प्रतापगडाच्या कातळाएवढी अपारदर्शक आहे. किरण काचेच्या अगदी वरच्या थरात शोषला जातो आणि तो ठिपका किंचित तापतो.

या गुणाचा उपयोग मोजण्यासाठी करता येईल, हे फ्रान्समधील ल क्रूझो येथील संशोधकांनी २००९ च्या सुमारास दाखवले. कार्बन डायऑक्साइड लेसरने काचेवर एक बिंदू थोडासा तापवायचा आणि उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्याने तो टिपायचा. प्रकाशाच्या ठिपक्याऐवजी उष्णतेचा ठिपका. पुढचा त्रिकोण लॅम्ब्टनचाच. भुकटी नको, द्रव नको. ल क्रूझो हे गावही गमतीचे आहे: अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या राणीच्या नावाने चालणारा स्फटिककाचेचा कारखाना तेथे आणण्यात आला होता आणि नंतर ते गाव लोखंड-पोलादासाठी प्रसिद्ध झाले. ओगलेवाडी आणि किर्लोस्करवाडी एकाच ठिकाणी वसल्या असत्या, तर ते गाव काहीसे असेच झाले असते.

मात्र ही पद्धतही बाहेरचाच पृष्ठभाग देते. किरण वरच थांबतो, म्हणून साचा कळतो, श्वास कळत नाही. आतली बाजू हवी असेल, तर दोन वाटा उरतात. एक, काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणारे ते ४-४ टक्के प्रकाशाचे अंश वेगवेगळे टिपायचे. अपवर्तनांक ठाऊक असेल तर दोन परतींमधील अंतरावरून त्या बिंदूपाशी जाडी कळते, आणि असे बिंदू एकेक करून सबंध काचेवर घेत जायचे. काम संथ आहे, पण वस्तूला हातही लागत नाही. दुसरी वाट क्ष-किरणांची, रुग्णालयातल्या सीटी स्कॅनची. क्ष-किरणांना पारदर्शकतेशी देणेघेणे नसते, ते पदार्थ किती भरीव आहे एवढेच पाहतात. अथेन्सच्या संग्रहालयातील अँटिकिथेरा यंत्रासाठी २००५ मध्ये तब्बल आठ टनांचे क्ष-किरण यंत्र संग्रहालयात नेले होते. कंदिलाच्या काचेसाठी एवढा खटाटोप लागणार नाही. ती उचलून यंत्रापाशी नेता येते. काचेला दोन्ही पृष्ठभागांसह, आतल्या बुडबुड्यांसह मोजणारी ही सगळ्यांत खात्रीची पद्धत आहे, आणि लेसरच्या कौतुकात ती मागे पडू नये.

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. तेथे बहमनी काळातल्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे विपुल निघाले. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा इतिहासच लिहिला, तो १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. शतकानुशतके मातीत राहिलेली काच ओलाव्याने झिजते, तिच्यावर पापुद्रे चढतात, ती दुधाळ होते. म्हणूनच लेसरला ती बरीचशी दिसते. पाचशे वर्षांपूर्वीची बांगडी मोजणे सोपे आणि आजोबांच्या कंदिलाची स्वच्छ काच मोजणे कठीण, असा हा उलटा न्याय आहे. काळाने न डागाळलेले साधन इतिहासकाराला सर्वांत दुर्गम ठरते.

ओगलेवाडीच्या काचेच्या वाट्याला अडचणी मात्र कमी नव्हत्या. युद्ध संपल्यावर परदेशी माल परतला, जपानी मालाची भर पडली. देशातल्या काचउद्योगाने संरक्षक जकात मागितली. टॅरिफ बोर्डाने चौकशी करून १९३२ मध्ये संरक्षण द्यावे अशी शिफारस केली. सरकारने १९३५ मध्ये ती नाकारली. कारण असे दिले, की काचेसाठी लागणारा सोडा ॲश भारतात होत नाही, तो आयात करावा लागतो. मग हा उद्योग संरक्षणाला पात्र कसा? हा युक्तिवाद कावेबाज होता असेच म्हणावे लागते, कारण कापूस मुळीच न पिकवणाऱ्या इंग्लंडच्या कापडगिरण्यांना तो कधी लावला गेला नव्हता. प्रभाकर कंदील तरीही टिकला. त्याला अखेर मागे सारले ते विजेने.

आज जुन्या वाड्यांत, माळ्यांवर, हौशी संग्राहकांकडे कंदील सापडतात. पत्र्याचा सांगाडा टिकतो. काच फुटते आणि बदलली जाते, म्हणून सांगाडा एका कारखान्याचा आणि काच दुसऱ्याच कोठली तरी, असे सहज घडू शकते. मूळची काच ओळखायची असेल, तर तिचा आकार, जाडी आणि रसायन यांची तुलना करायला खात्रीच्या नगांची मोजमापे हवीत. ती आधी कोणी तरी घेऊन ठेवली पाहिजेत.

तोवर बोटांनी कळणारी एक खूण आहे. काच दोन फाळ्यांच्या साच्यात नुसती फुंकली असेल, तर बाहेरच्या अंगावर समोरासमोर दोन उभ्या बारीक शिवणी लागतात, जेथे फाळे जुळत होते. कारागिराने ओल्या साच्यात नळी फिरवत फुंकली असेल, तर वाफेच्या थरावर काच घसरते आणि शिवण उमटत नाही. कंदिलाची काच हातात घेऊन अंगठा बाहेरून सावकाश फिरवला, की हा फरक जाणवतो. आतून बोट फिरवले, तर दोन्ही प्रकारांत शिवण लागत नाही. लागतो तो फक्त किंचित चढउतार, कोठे जाड, कोठे पातळ.